एलएफएसवर पॅकेज मॅनेजर कुठला? आधी बघा, मशीन नेमकं कशानं मोडतंय

"ताई, एलएससुद्धा चालेना."

रविवारी रात्री साडेअकराला मावसभावाचा फोन. दोन महिने खपून त्यानं लिनक्स फ्रॉम स्क्रॅच, म्हणजे एलएफएस, बांधलं होतं: एका पुस्तकातल्या सूचना वाचत स्वतः उभारलेली लिनक्स सिस्टिम. सगळं सोर्सपासून, हाताने, लाइट गेल्यावर जीसीसी हा कंपायलर पुन्हा पहिल्यापासून लावून. आता टर्मिनल उघडं होतं, प्रॉम्प्ट लुकलुकत होता, पण एलएस (फायली दाखव), सीपी (कॉपी कर), एमव्ही (हलव) काहीही मारलं की एकच उत्तर: नो सच फाइल ऑर डिरेक्टरी. "फाइल तिथंच आहे गं. टॅब दाबला की नाव पूर्ण होतंय!"

टॅबचं काम बॅश, म्हणजे कमांड घेणारा शेल, स्वतःच करतं, त्याला बाहेरचा प्रोग्रॅम लागत नाही. म्हणून तेवढंच चालू होतं.

"शेवटचं काय केलंस?"

"काही नाही. एक पॅकेज टाकलं."

या "काही नाही"मध्येच सगळं आलं. त्यानं मेक इन्स्टॉल, म्हणजे बांधलेल्या फायली सिस्टिममध्ये ठेवणारी कमांड, थेट न चालवता, शहाण्या मुलासारखं आधी वेगळ्या डिरेक्टरीत इन्स्टॉल केलं, त्याचा टारबॉल, म्हणजे एकच गठ्ठा फाइल, केला आणि तो रूटवर टार -एक्सपीएफनं सोडला. त्या टारबॉलमध्ये युडेवच्या (हार्डवेअर ओळखणाऱ्या भागाच्या) नियमांची एक फाइल होती आणि तिचा पत्ता होता लिब/युडेव/रूल्स.डी. एलएफएसमध्ये /लिब ही खरी डिरेक्टरी नसते, ती /यूएसआर/लिबकडे नेणारी सिमलिंक, म्हणजे नुसती वाट दाखवणारी पाटी, असते. /बिन आणि /एसबिनचंही तेच. ग्नू टारला डिरेक्टरी सोडायच्या जागी सिमलिंक दिसली तर तो आधी ती सिमलिंक उडवतो आणि मग डिरेक्टरी बनवतो. ही त्याची खोडी नाही, मॅन्युअलमध्ये लिहिलेलं वागणं आहे. आता /लिबमध्ये उरली एकटी युडेवची फाइल. /लिब६४मधला डायनॅमिक लोडर (प्रोग्रॅम सुरू होताना त्याच्या लायब्ररी जोडणारा) ../लिबकडे बोट दाखवतो आणि तिथं लोडरच नाही. कर्नल "फाइल नाही" म्हणतं ते एलएसबद्दल नव्हे, लोडरबद्दल.

हे मला पाठ आहे, कारण काही वर्षांपूर्वी मी स्वतः हेच करून बसले होते आणि तेव्हा फोन करायला कुणी ताई नव्हती.

या अवस्थेत मशीन रीबूट करू नका. पुढच्या वेळी इनिट, म्हणजे सगळ्यात आधी सुरू होणारा प्रोग्रॅमच, चालणार नाही आणि पेनड्राइव्ह शोधत बसाल. उघडं असलेलं रूटचं टर्मिनल जपा, कारण आता सु किंवा सुडोही चालणार नाही. लोडर /यूएसआर/लिबमध्ये जागेवरच आहे आणि त्याला थेट हाक मारता येते. (कमांड उच्चाराप्रमाणे लिहितेय, टर्मिनलवर नेहमीचं स्पेलिंग टाका.)

/यूएसआर/लिब/एलडी-लिनक्स-एक्स८६-६४.एसओ.२ /यूएसआर/बिन/एमव्ही /लिब /लिब.चूक

मग तसंच पुढे लोडर लावून: /यूएसआर/बिन/एलएन -एस यूएसआर/लिब /लिब

फोनवर हे एकेक अक्षर सांगायला वीस मिनिटं गेली. एंटर मारला आणि एलएस चाललं. पलीकडून सुटकेचा सुस्कारा आणि लगेच पुढचा प्रश्न: "ताई, आता मला एकदाच काय ते सांग. कुठला पॅकेज मॅनेजर घालू? पॅकमन, आरपीएम की डीपीकेजी?"

हा प्रश्न मला एलएफएस बांधणाऱ्या प्रत्येकानं विचारलाय आणि प्रत्येकानं काहीतरी मोडल्यावरच विचारलाय. अपेक्षा अशी, की चांगला मॅनेजर घातला की मोडणं थांबेल. पण "अपग्रेडला मशीन मोडतं" या एकाच तक्रारीत तीन वेगवेगळे आजार असतात. मॅनेजर त्यातले दोन बरे करतो. तिसरा तो उलट वाढवतो. म्हणून आधी आजार ओळखा.

पहिला वर सांगितला तो: पॅकेजनं नको त्या जागी फाइल टाकली. याची भावंडं बरीच आहेत. प्रीफिक्स, म्हणजे सामान कुठं टाकायचं तो मार्ग, द्यायला विसरलात, तर सामान /यूएसआरऐवजी /यूएसआर/लोकलमध्ये जातं. सीमेक हे बांधणीचं साधन वापरणारं एखादं पॅकेज आपल्या मर्जीनं /यूएसआर/लिब६४ बनवतं. एलएफएसच्या पुस्तकात स्पष्ट बजावलंय, की ही डिरेक्टरी असूच नये आणि ती अधूनमधून तपासत राहावी. विसरलेल्या प्रीफिक्सचा त्रास तर महिन्यांनी उगवतो. जीसीसी हेडर (लायब्ररीत काय आहे ते सांगणाऱ्या फायली) शोधताना /यूएसआर/लोकल/इन्क्लूड आधी बघतो, /यूएसआर/इन्क्लूड नंतर. तुम्ही सहा महिन्यांनी त्याच लायब्ररीची नवी आवृत्ती बरोबर प्रीफिक्स देऊन /यूएसआरमध्ये टाकता, पण तिसऱ्याच पॅकेजच्या वेळी हेडर जुनं सापडतं आणि लायब्ररी नवी. मग "अनडिफाइन्ड रेफरन्स"च्या रांगा लागतात आणि आपण त्या बिचाऱ्या तिसऱ्या पॅकेजला शिव्या घालतो. टाइप -ए लावून कमांडच्या दोन प्रती दिसतात का ते बघा. फाइंडनं /यूएसआर/लोकलमध्ये काय काय साठलंय तेही बघा. माझ्याकडे तिथं एकदा अख्खं जुनं कर्ल निघालं होतं.

दुसरा आजार गाळाचा. मेक इन्स्टॉल फायली टाकतो, काढत काही नाही. नव्या आवृत्तीत नाव बदललेल्या किंवा गळलेल्या फायली जुन्या आवृत्तीच्या तशाच पडून राहतात: जुनी .पीसी फाइल, जुने .एलए (दोन्ही बांधणीला लायब्ररीचा पत्ता सांगणाऱ्या), जुने प्लगिन. मेक अनइन्स्टॉल असतं खरं, पण ते प्रत्येक पॅकेजमध्ये नसतं आणि असलं तरी त्याच आवृत्तीचं बिल्ड झाड तुम्ही जपून ठेवलेलं असावं लागतं. कुणी ठेवत नाही.

हे दोन्ही आजार मालकीच्या नोंदीनं बरे होतात. गावात जमीन कुणाची हे सातबाऱ्यावर बघतात, तसं इथं फाइल कुणाची हे बघता आलं पाहिजे. पॅकेज मॅनेजर म्हणजे मुळात एवढंच: फायलींचा सातबारा. दुसऱ्याच्या नावावरच्या जागेत कुणी घुसला की ओरडणारा, आणि पॅकेज गेलं की त्याच्या नावावरचं सगळं उचलून नेणारा. रेपो (पॅकेजचं सामायिक कोठार), डाउनलोड, अवलंबित्वाची आपोआप जुळणी हे नंतर चढवलेले मजले. ते रेपो चालवणाऱ्यांच्या कामाचे. एका मशीनचा एकच मालक असेल, तर त्यांचा उपयोग थोडा आणि व्याप फार.

आता तिसरा, ज्यासाठी खरं तर हे लिहायला बसले.

शेअर्ड लायब्ररीला, म्हणजे अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात त्या कोडच्या फाइलला, एक एसओनेम असतं: लिबरीडलाइन.एसओ.७, लिबएसएसएल.एसओ.१.१. प्रोग्रॅम बांधताना हे नाव त्याच्या पोटात लिहिलं जातं आणि चालताना तो नेमकं तेच मागतो. लायब्ररीनं जुनं जमत नाही असा बदल केला की शेवटचा आकडा बदलतो. रीडलाइन (शेलमध्ये टाइप केलेली ओळ हाताळणारी) २०१९मध्ये ७ची ८ झाली. ओपनएसएसएल सप्टेंबर २०२१मध्ये १.१ची ३ झाली. आयसीयू ही युनिकोडची लायब्ररी तर प्रत्येक मोठ्या आवृत्तीला आकडा बदलते आणि अशा आवृत्त्या वर्षात दोन येतात. लिबएक्सएमएल२ वर्षानुवर्षं .एसओ.२वर शांत बसली होती, ती २०२५मध्ये २.१४च्या वेळी एकदम .एसओ.१६ झाली.

पॅकेज मॅनेजर नसताना काय होतं बघा. नवी आयसीयू आली, मेक इन्स्टॉल केलं, जुनी लिबआयसीयूयूसी.एसओ.७३ गाळ म्हणून तिथंच राहिली. जुने प्रोग्रॅम तिच्यावर चालत राहिले. घर अस्ताव्यस्त, पण चालू.

आता शहाणपणा करून पॅकमन घातला. तो अपग्रेड करताना जुन्या पॅकेजच्या यादीतलं जे नव्यात नाही ते काढून टाकतो. तेच त्याचं काम. म्हणजे ७४ आत येताक्षणी ७३ बाहेर. आणि ७३ मागणारे सगळे प्रोग्रॅम त्याच मिनिटाला "कॅनॉट ओपन शेअर्ड ऑब्जेक्ट फाइल" म्हणून आडवे. स्लॅकवेअरचा अपग्रेडपीकेजी हेच करतो, सीआरयूएक्सचा पीकेजीअॅडही हेच करतो. मॅनेजर जितका नेटका, तितकं हे मोडणं तत्काळ. रीडलाइनच्या बाबतीत तर गंमतच: एलएफएसमध्ये बॅश सिस्टिमच्या रीडलाइनवर बांधलेलं असतं, म्हणजे लॉगिन करायला शेलच उरत नाही.

"मग बाकीच्या डिस्ट्रो कसं करतात?" मावसभावानं विचारलं. वेगवेगळ्या वाटा आहेत. डेबियन आकडा पॅकेजच्या नावातच घालतो: लिबआयसीयू७२, लिबएसएसएल३. नाव वेगळं म्हणून पॅकेज वेगळं, म्हणून जुनं आणि नवं शेजारी शेजारी नांदतात. जेंटूचा पोर्टेज जुनी लायब्ररी कुणी वापरत असेल तोवर धरून ठेवतो आणि प्रिझर्व्ड-रीबिल्ड नावाच्या संचात पुन्हा बांधायच्या पॅकेजची यादी देतो. आर्च अशा लायब्ररीवर बसलेली सगळी पॅकेजं पुन्हा बांधून एकदम सोडतं, म्हणूनच अर्धवट अपग्रेड करू नका असं ते कानीकपाळी ओरडून सांगतात. तिन्हीकडे कष्ट आहेत आणि ते कुणीतरी माणूस करतो. तुमच्या मशीनवर तो माणूस तुम्ही.

माझी रीत साधी आहे. मी एक टेक्स्ट फाइल ठेवते, तिला गरजांची यादी म्हणते. /यूएसआर/बिन, /यूएसआर/एसबिन, /यूएसआर/लिब आणि /यूएसआर/लिबएक्झेकमधल्या प्रत्येक ईएलएफ फाइलवर (लिनक्समधल्या प्रोग्रॅम आणि लायब्ररी या प्रकारच्या असतात) रीडएल्फ -डी चालवायचं, त्यातल्या "नीडेड" ओळी उचलायच्या आणि "ही फाइल, ही लायब्ररी मागते" अशा जोड्या लिहून ठेवायच्या. चहा उकळेपर्यंत होतं. अपग्रेडच्या आधी त्या यादीत लायब्ररीचं नाव ग्रेप करायचं, म्हणजे शोधायचं, मिळालेल्या फायली कुणाच्या ते मॅनेजरला विचारायचं, की पुन्हा बांधायच्या पॅकेजची यादी हातात. एलडीडीपेक्षा रीडएल्फ बरा, कारण एलडीडी अवलंबितांचे अवलंबितही दाखवतो आणि यादी उगाच फुगते.

मग डेबियनची युक्ती घरगुती प्रमाणात: जुन्या लायब्ररीच्या फक्त .एसओ.७३ फायली घेऊन आयसीयू७३-जुनी नावाचं एक छोटं पॅकेज करायचं. हेडर नाहीत, .पीसी नाही, बिनआकड्याची .एसओ सिमलिंकही नाही. नाहीतर नवी बांधणी जुन्यावरच बसेल. नवी आयसीयू आणि हे जुनं गाठोडं एकाच कमांडमध्ये टाकायचं. मग यादीतली पॅकेजं एकेक करून पुन्हा बांधायची, तळातली आधी. लिबएक्सएमएल२ आयसीयू घालून बांधली असेल, तर तिचा नंबर पहिला. सगळं झाल्यावर गरजांची यादी नव्यानं काढायची. ७३चं नाव कुठेच दिसलं नाही, की गाठोडं काढायचं. "राहू दे, कुठं जागा खातंय" म्हणून ते कायमचं ठेवू नका. एकाच प्रोग्रॅमच्या पोटात एका वाटेनं जुनी आणि दुसऱ्या वाटेनं नवी लायब्ररी शिरली, की तो कधी आणि का कोसळतो हे शोधण्यात रविवार जातो.

रीडएल्फला दिसत नाहीत अशाही गोष्टी आहेत. डीएलओपननं चालू प्रोग्रॅममध्ये उचलली जाणारी प्लगिन त्यातली एक. पायथनची मधली आवृत्ती बदलली की साइट-पॅकेजेसची डिरेक्टरीच बदलते आणि सगळी मॉड्यूल मागे राहतात, पर्लचंही तसंच. आणि जीलिबसी, म्हणजे जवळजवळ सगळ्या प्रोग्रॅमच्या तळाची सी लायब्ररी, कधीही जुन्या आवृत्तीवर उतरवू नका. नव्या जीलिबसीवर बांधलेला प्रोग्रॅम "जीलिबसी_२.३८ नॉट फाउंड" म्हणतो, आणि त्या प्रोग्रॅममध्ये एमव्हीपण आला.

एवढं समजल्यावर निवड सोपी होते.

एलएफएस १९९९मध्ये जेरार्ड बीकमन्स यांनी सुरू केलं आणि आजही पुस्तक कुठलाच मॅनेजर सुचवत नाही. पद्धती मात्र समोर मांडतं. त्यातली पहिली खरोखर "सगळं माझ्या डोक्यात आहे" ही आहे. हसू नका. दर मार्च-सप्टेंबरला पुस्तकाची नवी आवृत्ती आली की सगळं पुन्हा बांधायचं असेल, तर ती पुरते. शिकण्यासाठी बांधणाऱ्याला मी हेच सांगते. पण त्यावर रोजचं काम करायचं असेल तर नाही.

मागावर राहणारी साधनं दुसऱ्या जातीची. इन्स्टॉलच्या आधी एक रिकामी फाइल टच करायची आणि नंतर तिच्यापेक्षा नव्या फायली शोधायच्या. यात फाइंडचा -न्यूअर वापरलात तर फसाल, कारण बरीच पॅकेजं फायलींवरची मूळ तारीख जपून टाकतात. -सीन्यूअर वापरा, ती वेळ कुणाला सहज खोटी करता येत नाही. पोर्ग, म्हणजे पूर्वीचं पॅको, एलडी_प्रीलोडनं इन्स्टॉल चालू असताना डोकावून यादी करतं. स्टॅटिक बांधलेला प्रोग्रॅम त्याच्या नजरेतून सुटतो, पण आधीच बांधलेल्या सिस्टिमवर आजपासून नोंद ठेवायला ते वाईट नाही. एक गोष्ट मात्र लक्षात घ्या: ही साधनं फाइल पडून गेल्यावर नोंद घेतात. मावसभावाची /लिब वाचली नसती. कशानं उडाली एवढं कळलं असतं.

ग्नू स्टो मला फार आवडतो आणि बेस सिस्टिमसाठी मी तो कुणालाही सांगत नाही. प्रत्येक पॅकेज आपल्या डिरेक्टरीत, बाहेर फक्त सिमलिंक. /यूएसआर/लोकलमधल्या दहा-वीस गोष्टींसाठी झकास. पण जीलिबसी, बॅश, कोअरयुटिल्स सिमलिंकवर टांगून ठेवायला छाती लागते. शिवाय स्टो स्वतः पर्लमध्ये आहे, म्हणजे पर्लची अपग्रेड करताना फांदीवर बसून फांदी तोडायची.

प्रत्येक पॅकेजला वेगळा युनिक्स यूजर द्यायचा, ही पद्धत तर वेड लावणारी. बॅश नावाचा यूजर बॅशच्या फायलींचा मालक. दुसऱ्याची फाइल ओढायला गेलात की कर्नलच "परमिशन डिनाइड" म्हणतं. नोंदवही वेगळी नाहीच, एलएस -एल हाच सातबारा. मी चार महिने चालवली. दर तिसरं पॅकेज इन्स्टॉल करताना सीएचओन नाहीतर एलडीकॉन्फिग अशी रूटलाच चालणारी कमांड मारायला जातं आणि अडतं, सेटयूआयडी (मालकाच्या हक्कानं चालणाऱ्या) फायली पुन्हा रूटनं हाताने नीट कराव्या लागतात. पद्धत सुंदर आहे. मी थकले.

उरली आधी पॅकेजचा अर्काइव्ह, म्हणजे गठ्ठा, करून मग तो टाकणारी साधनं, आणि खरी निवड इथंच.

आरपीएम आणि डीपीकेजी घेऊ नका असं म्हणणार नाही, पण का घेताय ते स्वतःला विचारा. नव्वद टक्के वेळा मनात हे असतं, की डीपीकेजी घातलं की डेबियनची पॅकेजं टाकता येतील. टाकता येतील. चालणार नाहीत. ती डेबियनच्या लायब्ररी, डेबियनचे मार्ग, डेबियनचं लिब/एक्स८६_६४-लिनक्स-जीएनयू धरून बांधलेली असतात. तीच गोष्ट पॅकमनची. एलएफएसवर पॅकमन घालून त्याला आर्चचे मिरर (डाउनलोडचे सर्व्हर) दिलेत, तर पहिलीच मोठी कमांड तुमची जीलिबसी त्यांच्या जीलिबसीनं बदलून टाकेल. मग दोन महिने कशाला खपलात? मिररची यादी रिकामी ठेवा. निक्स किंवा गिक्स हवं तर खुशाल घ्या, ते आपली जीलिबसीसुद्धा स्वतःच्या स्टोअरमध्ये घेऊन येतात आणि तुमच्या /यूएसआरला हात लावत नाहीत. फक्त तो सिस्टिमचा मॅनेजर होत नाही, शेजारी थाटलेला दुसरा संसार होतो. नेटबीएसडीचं पीकेजीएसआरसीही असंच /यूएसआर/पीकेजीमध्ये बाजूला राहतं आणि सोर्सपासून बांधतं, ही वाट मला त्यातल्या त्यात एलएफएसच्या स्वभावाला धरून वाटते.

स्लॅकवेअरचे पीकेजीटूल्स निव्वळ शेल स्क्रिप्ट आहेत, नोंदी साध्या टेक्स्ट फायली. अवलंबित्व बघतच नाहीत, आणि एलएफएसवाल्याला ते चालतं. फक्त दोन पॅकेजं एकाच फाइलवर हक्क सांगत असतील तर ते अडवत नाहीत. सीआरयूएक्सचे पीकेजीयुटिल्स अडवतात आणि त्यांना सी++ कंपायलर व लिबअर्काइव्हखेरीज फारसं काही लागत नाही. सगळी नोंद एका टेक्स्ट फाइलमध्ये. छोटं मशीन, शे-दीडशे पॅकेजं असतील तर मी डोळे मिटून हेच घेईन.

माझ्या मशीनवर पॅकमन आहे. पीकेजीबिल्ड, म्हणजे पॅकेज बांधायची कृती, ही बॅशची साधी फाइल आहे, पुस्तकातल्या कमांड जवळजवळ जशाच्या तशा तिच्यात उतरतात. फाइलची मालकी पॅकमन -क्यूओनं एका क्षणात कळते. /इटीसीमधली मी बदललेली फाइल पीकेजीबिल्डच्या बॅकअप यादीत असेल तर तो ती चिरडत नाही, नवी शेजारी .पॅकन्यू म्हणून ठेवतो. आणि /लिब नावाची डिरेक्टरी सिमलिंकच्या डोक्यावर टाकायला गेलात, तर "एक्झिस्ट्स इन फाइलसिस्टम" म्हणून हात झटकतो. इंटरनेटवरून काही आणायचं नसल्यानं कर्ल आणि जीपीजीएमई दोन्ही वगळून बांधलाय. मग लागतात लिबअर्काइव्ह, मेसन, ओपनएसएसएल आणि मेकपीकेजीसाठी (पीकेजीबिल्डवरून पॅकेज करणाऱ्या कमांडसाठी) फेकरूट.

तोच "एक्झिस्ट्स इन फाइलसिस्टम" तुम्हाला सुरुवातीला वीट आणेल. बहुतेक वेळा फाइल एकच असते: /यूएसआर/शेअर/इन्फो/डिर. इन्फो पानं असणारं जवळजवळ प्रत्येक पॅकेज आपापली डिर फाइल टाकतं. ती कुणाचीच नसते, गावच्या चावडीसारखी सगळ्यांची असते. मेकपीकेजीचा पर्ज पर्याय ती उडवतो. हाताने अर्काइव्ह करत असाल तर स्वतः काढा आणि नंतर इन्स्टॉल-इन्फोनं बनवा. जीस्कीमाज.कंपाइल्ड, आयकॉन-थीम.कॅश, माइमइन्फो.कॅश याच जातीच्या. पॅकेजमध्ये घालायच्या नाहीत, हुकमध्ये (इन्स्टॉलनंतर आपोआप चालणाऱ्या कमांडमध्ये) नव्यानं बनवायच्या. वैतागून --ओव्हरराइट '*' ची, म्हणजे असलेली कुठलीही फाइल चिरडू द्यायची, सवय लावून घेतलीत, तर सातबारा असून नसल्यासारखा.

डेस्टडिर, म्हणजे आधी वेगळ्या डिरेक्टरीत इन्स्टॉल करायचा पर्याय, न जुमानणारी पॅकेजंही भेटतील. बीझिप२ हे नेहमीचं गिऱ्हाईक. त्याला प्रीफिक्सच /टीएमपी/पॅक/यूएसआर असा द्यावा लागतो, आणि मग त्याच्या सिमलिंक थेट /टीएमपी/पॅककडे बोट दाखवतात. पुस्तकात मेकफाइलवर एक सेड (मजकूर बदलणारी कमांड) चालवायला सांगितलंय, सिमलिंक सापेक्ष व्हाव्यात म्हणून. बरेच जण ती ओळ "दिसायला बरं" समजून गाळतात. गाळू नका. एनकर्सेस या टर्मिनलच्या लायब्ररीला पुस्तक स्वतःच डेस्टडिर वापरतं, कारण चालू शेल जी लायब्ररी वापरतोय तिच्यावरच नवी कॉपी केली तर शेल कोसळू शकतो. सीपी जुन्याच फाइलच्या पोटात नवे बाइट भरतो. इन्स्टॉल कमांड आधी जुनी काढून नवी ठेवते, जुनी वापरणाऱ्याला धक्का लागत नाही.

मॅनेजर कधी घालायचा? उशिरात उशिरा म्हणजे पुस्तकाच्या आठव्या प्रकरणाच्या शेवटी, पण नोंद मात्र त्या प्रकरणाच्या पहिल्या पॅकेजपासून. तिथली ऐंशीएक पॅकेजं एकेक करून डेस्टडिरमध्ये इन्स्टॉल करा, टारबॉल /व्हार/पॅकमध्ये ठेवा आणि सोडताना टारला --कीप-डिरेक्टरी-सिमलिंक द्या. सोडण्याआधी टार -टीएफनं यादी बघा. सुरुवातीला लिब/, बिन/, एसबिन/ दिसलं, किंवा कुठेही यूएसआर/लिब६४ नाहीतर यूएसआर/लोकल दिसलं, की थांबा. या तपासणीची चार ओळींची शेल स्क्रिप्ट आहे, ती माझ्याकडे आजवर बऱ्याचदा उपयोगी पडलीय. शेवटी पॅकमन बांधून झाला, की प्रत्येकाच्या पीकेजीबिल्डमध्ये तो साठवलेला टारबॉल पीकेजीडिरमध्ये सोडण्यापुरतंच लिहा, मेकपीकेजी चालवा आणि पॅकमन -यू --डीबीओन्लीनं फक्त नोंद चढवा. फायली जागेवर आहेतच.

सगळं आधीच मेक इन्स्टॉलनं बांधून बसलेल्यांनी एकदम सगळं नोंदवायला जाऊ नये. पुढच्या वेळी जे पॅकेज पुन्हा बांधाल ते पॅकमनमधून टाका आणि त्या एकाच वेळी, त्या एकाच पॅकेजसाठी --ओव्हरराइट वापरा, तेही फायलींचे मार्ग देऊन. ओपनएसएसएल, कर्ल, पायथन यांची सुरक्षेची अपग्रेड वारंवार येते, त्यामुळे महत्त्वाची पॅकेजं वर्षभरात आपोआप नोंदीत येतात. उरलेला गाळ शोधायला /यूएसआरमधल्या सगळ्या फायलींची यादी घ्या आणि पॅकमन -क्यूएलच्या यादीशी कॉम या कमांडनं ताडा. बेवारस काय ते समोर येतं. ते लगेच पुसू नका, आधी गरजांच्या यादीत कुणी मागतंय का बघा.

मावसभावानं पीकेजीयुटिल्स आणि पॅकमन यांच्यात दोन दिवस घोळ घातला आणि शेवटी पॅकमन घेतला. परवा त्यानं एक स्क्रीनशॉट पाठवला. त्या रात्रीची /लिब.चूक डिरेक्टरी अजून तिथंच आहे, काढायला विसरलाय. पॅकमन -क्यूओनं तिची चौकशी केली तर उत्तर आलं होतं: नो पॅकेज ओन्स /लिब.चूक.

"ताई, ही कुणाच्या नावावर चढवू?"

"तुझ्या," म्हटलं.